रत्नागिरीत समुद्रावरचं लग्न: पाहुण्यांचे तीन दिवस कसे आखायचे

आमच्या नात्यात कुणाचंही लग्न ठरलं आणि मुलगा-मुलगी म्हणाली की 'आम्हाला समुद्रावर करायचंय', की फोन मला येतो. मी रत्नागिरीची, आयुष्य एसटीच्या आरक्षण खिडकीवर गेलेलं. माणसं कुठून येतात, कशानं येतात आणि कुठे खोळंबतात हे मला हॉलवाल्यापेक्षा जास्त कळतं असा घरच्यांचा समज आहे. तो बरोबर आहे.

पुण्याची भाची विचारते, "मावशी, डेकोरची थीम कुठली ठेवू?" मी म्हणते, थीम राहू दे, आधी पाहुण्यांचं बघ. लग्न तासाभरात लागतं. पाहुणे मात्र शुक्रवारी दुपारपासून रविवारच्या रात्रीपर्यंत तुमच्या जिवावर असतात. त्यांना गाव माहीत नसतं, समुद्र तर त्याहून नाही, आणि हॉटेलवाल्याचा फोन नंबरसुद्धा तुमच्याकडेच मागतात. म्हणून मी सगळं पाहुण्यांच्या बाजूनं आखते. ते असं.

तारीख: गुरुजींच्या आधी भरती-ओहोटी

सगळ्यांना सूर्यास्ताला लग्न हवं असतं. उत्तम. गोरज मुहूर्त त्याच वेळचा. पण त्या वेळी किनारा जागेवर असेल का, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळी सहाला भरती असली तर पाणी सुरूच्या झाडांच्या दिशेनं वर येतं आणि दीडशे माणसांना उभं राहायला चार हात वाळू उरते.

यासाठी मोबाइलवर भरतीची वेळापत्रकं मिळतात, ती बघाच. पण आमच्याकडचा जुना हिशोब तोंडपाठ असावा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण तीच. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला म्हणजे पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण तारीख ठरवायला एवढं पुरतं.

आता गणित मांडा. षष्ठी ते दशमी या तिथींना संध्याकाळी पाणी वर असतं, त्या सोडा. त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत आणि पुढे वद्य तृतीयेपर्यंत संध्याकाळी किनारा मोकळा मिळतो. पौर्णिमेला तर सूर्य बुडतो त्याच सुमाराला मागून चंद्र वर येतो, फोटोवाले खूश. अमावास्येला आपण लग्न लावत नाही, पण तिच्या पुढची द्वितीया-तृतीया चालते. महिन्याच्या शनिवारांपैकी एखाद-दुसरा या हिशोबात बसतोच. ते शनिवार आधी कागदावर लिहा, मग गुरुजींकडे जा आणि त्यातला मुहूर्त विचारा. उलट केलंत तर मुहूर्त मिळेल आणि किनारा मिळणार नाही.

एक मेख आहे. पौर्णिमेची भरती उधाणाची, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी. सकाळची सव्वाअकराची झाली की दुसरी रात्री साडेअकरा-पावणेबाराच्या सुमाराला परत येते. मांडववाल्याला हे कामाच्या कागदावरच लिहून द्या: वाळूवरचं सगळं सामान साडेनऊपर्यंत वर. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानंच बंदी आहे, तेव्हा तशीही मैफल तिथे चालणार नाहीच.

महिना कुठला? माघ सगळ्यात छान. हवा कोरडी, घाम कमी. मार्गशीर्षही चांगला, फक्त नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत येऊ नका, खोल्यांचे भाव आभाळाला आणि गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. पौष आपोआप सुटतो. फाल्गुनी पौर्णिमा म्हणजे शिमगा, तेव्हा आचारी, रिक्षावाले, मांडवाची पोरं सगळी पालखी नाचवायला आपापल्या गावी. गाड्याही चाकरमान्यांनी भरलेल्या. चैत्र-वैशाखात हापूस असतो आणि त्याच्याबरोबर घामाच्या धाराही. मुंबईची मंडळी आंब्यासाठी ते सोसतात असा अनुभव. संकष्टी आणि माघी गणेश जयंती पुळ्याला गर्दीची. पावसाळ्याचं नाव काढू नका.

माणसं इथपर्यंत आणणं

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं, पूर्वीसारखे १२० नाहीत. हा नियम नोव्हेंबर २०२४पासूनचा. पत्रिका छापून वाटेपर्यंत ते ६० दिवस निघून जातात. म्हणून पत्रिकेची वाट न बघता तीन महिने आधी साधा निरोप पाठवा: अमुक शनिवार, अमुक गाव, तिकीट या तारखेला सकाळी आठला काढायचं. परतीचंही. रविवारच्या मुंबईकडच्या गाड्या येतानाच्या गाड्यांपेक्षा लवकर भरतात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. एका तिकिटावर सहा माणसं बसतात, तेव्हा नात्यागणिक सहा-सहाचे गट पाडा आणि प्रत्येक गटात एक तरुण नेमा, ज्याचं आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं आहे आणि जो सकाळी आठला उठलेला असतो. दुसरी अट जास्त अवघड.

मुंबईकरांसाठी दिवसा जनशताब्दी, वंदे भारत, मांडवी; रात्री कोकणकन्या आणि तुतारी. ज्येष्ठांना मांडवीच द्या. दुपारी पोचते, खायला चांगलं मिळतं, दिवसाउजेडी बोगदे-पूल बघत येतात. रात्रीच्या गाड्या पहाटेच्या अंधारात उतरवतात आणि लॉजची खोली मिळते दुपारी बाराला. त्या मधल्या वेळासाठी आदल्या रात्रीपासून दोन मोठ्या खोल्या घेऊन ठेवा, एक बायकांची, एक पुरुषांची. तोंड धुवायला, चहा प्यायला आणि तासभर आडवं व्हायला जागा झाली की माणसं तक्रार करत नाहीत.

पुणेकर गाडी काढतात. त्यांना पाटणवरून कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता सांगा किंवा कोल्हापूरहून आंबा घाट. रात्री घाट उतरू नका हेही सांगा, ऐकतीलच असं नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या पाहुण्यांची मला जास्त काळजी असते, कारण ते सगळ्यात लांबून येतात आणि सगळ्यात कमी बोलतात. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस त्यांना कोल्हापूरला सोडते. तिथून रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास, एसटी आहेच, पण वीस-पंचवीस माणसं असतील तर कोल्हापूर स्टेशनला गाडी पाठवा. घाटात बऱ्याच जणांना मळमळतं, गाडीत आल्याच्या वड्या आणि कागदी पिशव्या ठेवा. विमानानं येणाऱ्यांनाही कोल्हापूरच जवळचं. परदेशातून येणारे मुंबईला उतरून रेल्वे धरतात ते शहाणपणाचं.

रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, सहा-सात किलोमीटरवर. एकाच गाडीतून साठ माणसं उतरली की रिक्षा पुरत नाहीत. इथे माझं जुनं खातं कामाला येतं: एसटी 'प्रासंगिक करारा'वर पूर्ण गाडी देते, लग्नासाठीच तर ही सोय वापरतात. आगारात जाऊन अर्ज करायचा, किलोमीटर आणि वेळ ठरवून पैसे भरायचे. लाल गाडीतून वरात नेली तर पोरं तिच्याबरोबर सेल्फीही काढतात. लहान फेऱ्यांना मात्र टेम्पो ट्रॅव्हलर बऱ्या.

मुक्काम

रत्नागिरी शहर, भाट्ये आणि गणपतीपुळे हे तीन पर्याय लोक एका दमात घेतात. नकाशात जवळ दिसतात म्हणून. पुळं शहरापासून २५ किलोमीटरच्या घरात आहे, आणि आरे-वारेचा रस्ता कितीही देखणा असला तरी वळणांचा आहे. माझा एकच नियम: मुक्काम आणि मांडव एकमेकांच्या जवळ. पुळ्याला लग्न तर सगळे पुळ्यालाच किंवा मालगुंडला. शहरात मुक्काम तर लग्न भाट्याच्या बाजूला, पूल ओलांडला की पोचले. निम्मे इकडे निम्मे तिकडे केलंत तर तीन दिवस तुम्ही फक्त गाड्या मोजाल.

माझं मत विचाराल तर शहर. औषधाचं दुकान, दवाखाना, साडीला फॉल लावून देणारी बाई, विसरलेला चार्जर, सगळं हाकेच्या अंतरावर. जिना न चढू शकणाऱ्यांच्या खोल्या आधी नावानिशी ठरवा, उरलेल्या नंतर. कोकणातल्या घरगुती निवासांना बऱ्याचदा पायऱ्या असतात आणि लिफ्ट नसते. आत्या पंचाहत्तरीची आहे हे फोनवर सांगून भागत नाही, कुणीतरी जाऊन पायऱ्या मोजून या.

निरोप

पाहुण्यांना तीन दिवसांची रंगीत पत्रिका पाठवतात, त्यात 'बीच वाइब्स' वगैरे असतं आणि गाडी किती वाजता ते नसतं. मी व्हॉट्सअपवर असा मजकूर टाकायला लावते:

"शुक्रवारी मांडवीनं येणाऱ्यांनी स्टेशनबाहेर यायचं. पिवळी टोपी घातलेला मुलगा उभा असेल, त्याला नाव सांगायचं आणि गाडीत बसायचं. रिक्षा करू नये. जेवण ठेवलं आहे, गाडीत फार खाऊ नका. शनिवारी लग्नाची पहिली गाडी साडेचारला लॉजच्या दारातून सुटेल, दुसरी पाचला. तिसरी नाही. वाळूत चालायचं आहे, टाचेच्या चपला आणू नयेत. रात्री वारं सुटतं, आजी-आजोबांनी शाल घ्यावी. समुद्रात पोहण्याचा कार्यक्रम नाही."

'तिसरी नाही' हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

शनिवारचा दिवस

लग्न संध्याकाळी, तर सकाळी माणसांचं करायचं काय? हळद नवाला उरकते. ज्यांना फिरायचं त्यांना नऊ ते साडेबारा एवढाच वेळ द्या आणि दोनच ठिकाणं ठेवा. रत्नदुर्ग सगळ्यांना आवडतो: तिन्ही बाजूंनी पाणी, आत भगवतीचं देऊळ, वरून बंदर दिसतं. दुसरं टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान किंवा थिबा राजवाडा, दोन्हीतलं एक. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं, पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि तो १९१६ साली इथेच गेला. राजवाडा १९१०च्या सुमाराचा. मुलांना ही गोष्ट सांगितली की त्या रिकाम्या दालनांत ती जरा रमतात. ज्यांना चढ-उतार नको त्यांना पतितपावन मंदिर दाखवा; भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, १९३१ सालचं, सावरकरांच्या स्थानबद्धतेतल्या कामाशी जोडलेलं.

दुपारी एक ते चार काहीही ठेवायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. मेहंदी नाही, खेळ नाही, 'फन अॅक्टिव्हिटी' नाही. जेवून पंख्याखाली झोपायचं. कोकणातली दुपार अंगावर घेतलेला पाहुणा संध्याकाळी फोटोत रागावलेला दिसतो.

पाण्याचं सांगायलाच हवं. ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिलाय ते लग्नाचे कपडे घालायच्या आधी त्यात शिरणार, कितीही सांगा. मग ठरवून शिरू द्या: शनिवारी सकाळी सात ते आठ, पाणी चढतं असेल तरच, गुडघ्यापर्यंत, दोन स्थानिक पोरं शिट्टी घेऊन उभी. ओहोटी लागली की बाहेर. भाट्याला काजळी नदीच्या मुखाकडचं टोक टाळायचं, तिथे प्रवाहाला ओढ असते. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला शांत, पण तिथे माणसं बुडालेली आहेत आणि तसे फलक लावलेले आहेत. पुळ्याला घोटाभर पाणी, बस.

वाळूवरचा मांडव

किनारा कुणाच्या मालकीचा नसतो. रिसॉर्टवाला 'आपलाच बीच आहे' म्हणाला तरी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, पोलीस ठाणं आणि बंदर खातं या तिन्ही ठिकाणी लेखी विचारून घ्या, दोन महिने आधी. मला स्वतःला रिसॉर्टच्या आवारात जेवण आणि होम, आणि वाळूवर फक्त मंगलाष्टकं, अशी वाटणी पसंत आहे. जेवण वाळूवर ठेवलंत तर वरणात वाळू येते.

वारा पश्चिमेचा, दुपारी वाढतो आणि सूर्य बुडाल्यावर पडत जातो. पण आपली मंगलाष्टकं नेमकी त्याच्या आधीची. वधूवर पूर्व-पश्चिम उभे राहतात, म्हणजे मधला अंतरपाट दक्षिणोत्तर येतो आणि समुद्राचा वारा थेट त्याच्या छातीवर. धरणारे दोन मामा मग होडीचं शीड सांभाळल्यासारखे झुंजत राहतात, आणि नवरा-नवरी एकमेकांना वेळेआधीच बघतात. उपाय सोपा आहे. अंतरपाटाला खालून नेफा शिवून घ्या आणि त्यात बांबूची बारीक काठी ओवा. पश्चिमेच्या अंगाला कंबरेएवढी कनात बांधा, उंच नको, नाहीतर समुद्र दिसत नाही आणि फोटोवाला तुमच्याशी भांडतो. अक्षता टाकणारी माणसं समुद्राच्या बाजूला उभी करा. गावाच्या बाजूनं टाकल्या तर तांदूळ टाकणाऱ्याच्याच डोळ्यात परततात. माइकला स्पंजची टोपी हवी, नाहीतर मंगलाष्टकांऐवजी नुसती फुरफुर ऐकू येते. समई टिकत नाही. काचेचे कंदील आणा.

प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय वाळूत रुततात आणि जड माणूस हळूहळू मागे कलत जातो. खुर्च्यांखाली प्लायवूडच्या फळ्या, त्यावर जाजम. रस्त्यापासून मांडवापर्यंतही तशीच फळ्यांची वाट, दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद, कारण आजीचा हात धरायला कुणीतरी लागतं. चाकाची खुर्ची वाळूत चालत नाही, फळीवर चालते. प्यायच्या पाण्याची पिंपं मांडवाच्या दोन टोकांना ठेवा आणि बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते बाण काढून दाखवा; नऊवारी नेसून शोधत फिरायला लावू नका.

आकाशात सोडायचे कंदील आणि फटाके नकोत. गावखडी-मालगुंडकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, झगझगीत दिव्यांनी ती आणि त्यांची पिल्लं बिचकतात. तिकडे लग्न असेल तर दिवे खाली वळवलेले, पिवळे आणि थोडेच.

खाणं

शुक्रवारी रात्री मासे, म्हणजे खाणाऱ्यांची हौस भागते आणि लग्नाच्या पंगतीत 'मासे नाहीत का' ही कुजबुज बंद होते. मिरकरवाडा बंदरावरून सकाळी माल आणणारा आचारी धरा. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या माणसाकडे, आणि हे पाहुण्यांना दिसेल असं. एका टोपात दोन चमचे फिरले की देशावरच्या काकूंचं जेवण संपलं.

न्याहारीला घावनं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. इडली नको, ती पुण्यातही मिळते. लग्नाचं जेवण साधंच ठेवा: वरणभात, मसालेभात, अळूचं फदफदं, हंगाम असेल तर ओल्या काजूची उसळ, उकडीचे मोदक. मोदकांना बचत गटाच्या बायकांना सांगा, त्या जागेवर येऊन उकडतात. माणशी दोन धरा. तिसरा मागणारे आणि एकही न खाणारे यांची बेरीज बरोबर जुळते. सोलकढी जेवणाआधी तासभर करायची, दुपारी करून ठेवलेली रात्रीपर्यंत नासते.

रविवार आणि पांगापांग

रविवारी पुळ्याचं दर्शन सगळ्यांना हवं असतं. दुपारच्या मांडवीनं जाणाऱ्यांना नेऊ नका. त्यांना सकाळी भाट्याच्या झरी विनायकाचं दर्शन घडवून जेवायला बसवा. संध्याकाळच्या जनशताब्दीचे आणि रात्रीच्या कोकणकन्येचे लोक पुळ्याला जाऊन येऊ शकतात, सात वाजता निघाले तर. जाताना दही-भात आणि पोळी-भाजीचे डबे नावं घालून द्या. आंब्याचा हंगाम असेल तर पेट्या आठवडाभर आधी सांगून ठेवा, आणि फळ जरा कच्चंच घ्या, घरी गवतात पिकेल. तयार आंबा मुंबईला पोचेपर्यंत डब्यातल्या सगळ्यांना कळतो.

गाडीवाले, आचाऱ्याच्या हाताखालची माणसं, फळ्या टाकणारी पोरं यांची पाकिटं शनिवारी सकाळीच भरून एका माणसाकडे ठेवा. रविवारी घरच्यांना शुद्ध नसते. त्याच माणसाला सकाळी किनाऱ्यावर पाठवा, फुलं, द्रोण आणि बाटल्या उचलून झाल्या का बघायला. मांडववाल्याचे शेवटचे पैसे ते बघितल्यावर.

सोमवारी खोल्यांत राहिलेल्या वस्तू एका टेबलावर मांडून त्यांचा फोटो ग्रुपवर टाका. चार्जर, चष्मे, एखादी कवळी, हमखास एक लहान मुलाचा बूट. आठ दिवसांत मालक पुढे आले नाहीत तर चार्जर ठेवून घ्या आणि ग्रुप बंद करा, नाहीतर वर्षभर 'शुभ सकाळ' येत राहतं.